स्टोअरमधली एक नग म्हैस

मामा, म्हैस गेली.

भर दुपारी, गेट पास काढून, शिक्का मारून, अगदी रीतीनं ती सणसवाडीच्या आपल्या कंपनीतून बाहेर पडली. ही बातमी तुम्हाला फोनवरच द्यायची होती. नंबर लावलाही होता. रिंग वाजायला लागली तेव्हा भानावर आले आणि फोन ठेवला. मग म्हटलं, लिहूनच कळवावं. तुम्ही तसेही पहिला फोन कधी उचलत नव्हता.

हे लिहिलेलं कँटीनच्या बोर्डावर लावायचं ठरलंय, म्हणून नव्या लोकांसाठी थोडं मागचं सांगते. तुम्ही ऐकून घ्या. मधे बोलू नका, एवढी एक सवय आता तरी लावून घ्या.

ही म्हैस हाडामांसाची नव्हती. मी कंपनीत लागले त्या दिवशी तुम्ही तिला जन्माला घातलंत. तुम्ही स्टोअरचे इनचार्ज, मी केडगावहून बसनं आलेली, हातात कॉमर्सची पदवी आणि नाकावर राग. कंपनीनं नुकतीच नवी सिस्टीम घेतली होती. माल आला, तपासला, ठेवला, दिला, सगळं कॉम्प्युटरवर. मी घाबरून माउसला हात लावत नव्हते. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "पोरी, खऱ्या मालावर शिकलीस तर चुकायला भिशील. आपुन म्हैस घिऊ."

आणि आपण म्हैस घेतली. वस्तूचं नाव म्हैस. माप नग. संख्या एक. पुरवठादार म्हणून तुम्ही स्वतःचंच नाव टाकलंत, पत्ता वडगाव रासाई. माल घेणारे तुम्ही. तपासणी कुणाच्या नावावर टाकू, असं मी विचारलं तर म्हणालात, "माझ्याच की. म्हशीतलं हितं दुसऱ्या कुनाला कळतंय?" आपण पोट धरून हसलो आणि चहाला गेलो. परत आल्यावर कळलं की हे सगळं सरावाच्या सिस्टीममध्ये करायचं होतं आणि आपण ते खऱ्या सिस्टीममध्ये करून बसलोय. स्क्रीनवरच्या दोन्ही खिडक्यांचा रंग सारखाच होता. आपल्या कंपनीच्या स्टॉकला एक म्हैस लागली होती.

तुम्ही डिलीटचं बटण दाबलंत. सिस्टीम म्हणाली, काढता येत नाही, ही वस्तू स्टॉकमध्ये शिल्लक आहे. बरं, स्टॉक काढू. नाही, तपासणी बाकी आहे. बरं, तपासू. नाही, माल घेणारा आणि तपासणारा एकच माणूस चालत नाही. बरं, तपासणी दुसऱ्याकडे देऊ. त्याला स्टोअर इनचार्जची मंजुरी लागते, आणि इनचार्जला स्वतःचं काम दुसऱ्यावर टाकणं स्वतःच मंजूर करता येत नाही. इनचार्ज तुम्हीच. फिरून फिरून भोपळे चौकात. तुम्ही कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, "आयला, ही तर खुट्यालाच बांधली गेली."

तेव्हापासून दर ऑडिटला तीच गंमत. ऑडिटर यादी घेऊन रॅकच्या मधून फिरायचा, बेअरिंग मोजायचा, नट मोजायचा, आणि शेवटी चष्मा वर करून विचारायचा, "ही एक नग म्हैस प्रत्यक्षात दिसत नाही?" तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचात, "चरायला गेलीय, सायेब." ऑडिटर बदलत गेले, तुमचं उत्तर बदललं नाही.

मी किती वेळा सांगितलं, त्या वस्तूला 'बंद'ची खूण करून टाका, यादीत दिसायची थांबेल. सगळ्या कंपन्यांत तसंच करतात. यावरून आपण बसमध्ये किती भांडलो! मी केडगावला चढायची, तुम्ही न्हावऱ्याला, आणि तिथून सणसवाडीपर्यंत मागच्या सीटवाल्यांची करमणूक. तुम्ही म्हणायचात, "मेलेलं जनावर गोठ्यात ठिवून वरनं चादर टाकायची का? काढायचं तर काढायचं, आन् रीतीनं काढायचं." हेड ऑफिसच्या आयटीवाल्यांनी एकदा सुचवलं की आम्ही आतून जबरदस्तीनं उडवतो. तुम्ही फोनवरच त्यांना उसाची ट्रॉली समजावून सांगितलीत. "ट्रॉलीत जी मोळी शेवटी टाकली ती आधी उतरावी लागती. मधनंच वढली तर आख्खी ट्रॉली अंगावर येती, सायेब." त्यांना ट्रॉली कळली नसावी, पण त्यांनी तो नाद सोडला.

आपलं दुसरं भांडण तुमच्या पासवर्डचं. तो सगळ्या प्लँटला पाठ होता. तुम्ही गोडाऊनला असलात की कुणीही तुमच्या नावानं आत शिरून मंजुरी द्यायचा. मी म्हणायची, मामा, ही तुमची सही आहे, सार्वजनिक नळ नाही. तुम्ही हसायचात. "मानसं आपलीच हायती गं. इश्वास ठिवला न्हाई तर काम कसं चालंल?" ते भांडण मी जिंकणार होते. तुम्ही मधेच उठून गेलात. उसाला पाणी द्यायला म्हणून घरातून निघालात, बांधावर जरा टेकलात आणि उठलाच नाहीत. असं मधेच उठून जाणं तुम्हाला शोभलं नाही, मामा. मी अजून रागावलेली आहे.

कंपनीत शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं झालं. ज्यांनी तुम्हाला हळू, जुनाट, अडेल म्हटलं होतं ते तुमच्या शिस्तीवर बोलले. मी बोलले असते तर त्यांच्यातल्या दोघातिघांचे कपडे फाडले असते.

आणि सभा संपवून स्टोअरमध्ये येते तर काय, तुम्ही कामावर हजर. गाडी गेटवर उभी, स्क्रीनवर तुमच्या मंजुरीची वाट, आणि कुणीतरी पाठ असलेला पासवर्ड टाकून मंजुरी दिलेली. रोज. वर्गणी काढून हार घातलेला तुमचा फोटो भिंतीवर, आणि खाली तुमच्या नावानं माल बाहेर. जिवंतपणी तुम्ही एवढं काम एका आठवड्यात कधी केलं नव्हतं.

मग गाड्यांना लागणाऱ्या ब्रॅकेटचा तो लॉट आला. वेल्डिंगच्या जोडाला बारीक भेगा. तपासणीत नापास झालेला माल तुमच्या नावानं पास होऊन गाडीच्या शेजारी येऊन उभा. माझं डोकं फिरलं. मी सरळ प्लँटच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"हा लॉट कुणी सोडला?"

"सिस्टीममध्ये बघा की, मॅडम."

"सिस्टीममध्ये मामा आहेत."

साहेबांनी स्क्रीन आपल्याकडं वळवून नाव वाचलं.

"मामांची राख सावडून झाली, साहेब. उद्या ह्यातला एक ब्रॅकेट रस्त्यावर तुटला तर नाव कुणाचं निघणार?"

साहेब वाईट माणूस नाहीत, तुम्हीही तसंच म्हणायचात. त्यांनी लॉट आत घ्यायला लावला. पण तुमचा सिस्टीममधला आयडी बंद करायला ते तयार नव्हते. तो नुसता बंद केला तर तुमच्याकडे अडकलेल्या सगळ्या मंजुऱ्या तिथंच थिजणार, गाड्या थांबणार, आणि संध्याकाळपर्यंत हेड ऑफिसला फोन करून कुणीतरी तो पुन्हा उघडून घेणार. हे मलाही ठाऊक होतं. शेवटी ते म्हणाले, "स्टोअरचा चार्ज आजपासून तुमच्याकडे. एकही गाडी न अडवता मामांचा आयडी काढून दाखवा. माझी हरकत नाही. तोवर तो चालू राहील."

म्हणजे तोवर तुमच्या नावावर कोणीही काहीही घालणार. तुमच्या नावाला आजवर कुणी बट्टा लावला नव्हता. तो मी लावू देणार नव्हते.

दहाव्याला वडगाव रासाईला आले. भीमेच्या काठी सगळा गाव. आमच्या बौद्धांत पिंड नाही की कावळा नाही, आम्ही वंदना घेतो, पुण्यानुमोदन करतो. मी आपली मागं बाभळीच्या सावलीला बायकांत उभी होते. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर ढीगभर बसलेले, पण एकही खाली येईना. तुमचे थोरले भाऊ म्हणाले, लेकीचं लग्न आम्ही करू. कावळा ढिम्म. मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. ऊन चढायला लागलं. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि शिवा, चालतंय. मला इतक्या दुःखातही वाटलं, हे म्हणजे हेड ऑफिसचं जबरदस्तीनं उडवणं झालं. मामांना चालायचं नाही.

तेवढ्यात मामींनी बायकांत मला शोधलं. "वैशाली, तू बोल गं. ती कंपनीतली म्हस काढायची ऱ्हायली म्हनून लई बोलायचे. तिच्यातच जीव आडकला आसंल."

सगळा गाव वळून बघायला लागला. मी कावळ्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. पण मामींच्या डोळ्यांत जे होतं त्याला नाही म्हणणारी मी कोण? पुढं झाले, हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाले, "मामा, म्हैस मी काढते. चादर टाकून नाही आणि जबरदस्तीनंही नाही. आणि तुमच्या नावावर कुणाला काही घालू देणार नाही."

कावळा आला. त्याला भूक लागली असेल, मी आजही तेच म्हणते. पण मामींनी माझा हात जो धरला तो माणसं पांगेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ट्रॉली उतरवायला घेतली. तुमचा आयडी काढायला गेलं की सिस्टीम सांगायची, काढता येत नाही, तो अमुक ठिकाणी वापरात आहे. ते सोडवलं की पुढचं सांगायची. एकावेळी एकच, कंजूष मेली. परत पाठवायच्या मालाची मंजुरी तुमच्या नावावर, ती माझ्याकडे घेतली. वजनकाट्याचा रिपोर्ट तुमच्या मेलवर जायचा, तो वळवला. सकाळचे गेट पास आपोआप छापले जातात, असं आम्ही सगळे समजत होतो. ते तुमच्या नावानं छापले जात होते! तुम्ही ते कधी लावून ठेवलंत आणि कुणाला का बोलला नाहीत, देव जाणे. मी तुम्हाला भरपूर शिव्या दिल्या आणि प्रत्येक शिवीगणिक तुम्ही किती ठिकाणी आम्हाला सांभाळून धरलं होतं ते दिसत गेलं. मधल्या काळात एकही गाडी अडली नाही. साहेब रोज केबिनच्या काचेतून बघायचे.

मग एका सकाळी सिस्टीमनं शेवटची अडचण सांगितली. या माणसाच्या नावावर एक तपासणी बाकी आहे. वस्तू म्हैस, संख्या एक नग.

मी हसले. इतकी हसले की शेजारच्या टेबलवरचे उठून आले. मग हसता हसता जे रडायला आलं ते काही केल्या थांबेना. तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते. ते त्या म्हशीनं काढलं.

डोळे पुसून बघते तर गाठ सुटायला तयारच होती. इनचार्ज आता मी होते. तुमच्याकडची तपासणी माझ्याकडे घ्यायला मंजुरी माझीच लागत होती, आणि काम दुसऱ्याचं असल्यामुळं ती मला देता येत होती. माल घेणारे तुम्ही, तपासणारी मी. इतकी वर्षं जिथं एक माणूस होता तिथं आता माणसं दोन झाली होती. आणि मामा, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही एक दिवस रजा घेऊन चार्ज माझ्याकडे दिला असता तरी हे झालं असतं. तुमच्यासारख्या माणसाला हे सुचलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला ती म्हैस काढायचीच नव्हती. मला शिकवलेल्या पहिल्या दिवसाची ती एकच खूण होती आणि तुम्ही ती दर ऑडिटला चरायला पाठवत होता. हे तोंडावर सांगितलं असतंत तर मी बसमध्ये इतकी भांडले नसते. नाही, भांडले असते.

आता तपासणीचा निकाल द्यायचा. पास केली तर म्हैस उत्पादनाला द्यावी लागणार, म्हणजे पत्रा दाबतात त्या प्रेस शॉपला. भंगारात काढायला माझा हात धजेना. राहिलं नापास करून पुरवठादाराला परत पाठवणं. कारण निवडायला यादी आली: गंज, तडा, माप चुकलं, चुकून आलेला माल. मी शेवटचं निवडलं. पुरवठादार कोण, तर तुम्ही, वडगाव रासाई. मशीननं गेट पास छापला. एक नग म्हैस, परत.

गेटवर आपला तिवारी. पास हातात घेऊन त्यानं मान हलवली. "मैडम, माल दिखाइए. बिना माल देखे ठप्पा नहीं लगता. मामाजी का ही रूल है."

तुमचाच नियम! मी म्हटलं, "तिवारीजी, ही मामांचीच म्हैस."

त्यानं पास पुन्हा वाचला. तुमच्या घरचं दूध त्याच्या लेकराला पहिलं वर्षभर पुरलं होतं, हे मला तेव्हा त्याच्या तोंडून कळलं. तुम्ही त्यातलंही काही बोलला नव्हता. त्यानं टोपी नीट केली, शिक्का मारला, आणि मी बाजूच्या छोट्या दारानं निघणार तर म्हणाला, "रुकिए. भैंस छोटे गेट से कैसे जाएगी?" आणि ट्रकचं मोठं लोखंडी गेट त्यानं ढकलत ढकलत पूर्ण उघडलं. जेवणाची सुट्टी होती. सगळ्या शॉपमधले कामगार बाहेर आले होते. पहिल्यांदा कुणीतरी शिट्टी मारली, मग टाळ्या सुरू झाल्या, मग प्रेसवाल्या पोरांनी "हुर्रर्र, चल!" म्हणून तिला हाकललं. साहेब केबिनमधून खाली आले होते. तेही टाळ्या वाजवत होते. मामा, उघड्या गेटमधून काहीच गेलं नाही आणि ती जाताना सगळ्यांनी बघितली.

पासची तिसरी प्रत पुरवठादाराच्या सहीनं परत यावी लागते, त्याशिवाय व्यवहार मिटत नाही. रविवारी मी वडगाव रासाईला गेले. मामी गोठ्यात होत्या. कागद वाचून त्यांनी विचारलं, "हितं काय लिव्हायचं?"

"माल मिळाला, म्हणून लिहायचं आणि सही करायची."

मामींनी दावणीच्या म्हशीकडं बघितलं, मग कागदाकडं. "चांगल्या हालतीत मिळाला, आसं लिव्हते," म्हणाल्या, आणि लिहिलं. मग चहा टाकला. त्या तुमच्याविषयी बोलत राहिल्या आणि मी पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकलं.

सोमवारी शेवटची मोळी आधी, या हिशेबानं उतरवत आले. परतीचा व्यवहार मिटवला. स्टॉक शून्य. तपासणी संपली. म्हैस काढली, गेली. पुरवठादार काढला, गेला. मग तुमचा आयडी. बटणावर बोट ठेवून मी थोडी थांबले, हे खरं आहे. मग दाबलं. सिस्टीमनं एकही तक्रार केली नाही. काढले, एवढंच म्हणाली. मी लगेच जुन्या नोंदी उघडून बघितल्या. तुम्ही हयात असताना तुमच्या हातानं झालेल्या मंजुऱ्या जिथल्या तिथं, तुमच्या नावासकट. रीतीनं काढलं की बाकीची ट्रॉली ढळत नाही, तुम्ही सांगायचात तसंच. तुम्ही गेल्यावर तुमच्या नावानं झालेल्या मंजुऱ्यांसमोर साहेबांनी स्वतः खुलासा लिहून आपली सही केली, ब्रॅकेटच्या लॉटसकट. तो लॉट नव्यानं वेल्ड होऊन आला तेव्हा तपासून मी पास केला, माझ्या नावानं. माझा पासवर्ड कुणालाही ठाऊक नाही. तेवढं भांडण मी जिंकले, मामा. डिलीटचं तुम्ही जिंकलात.

परवा ऑडिट झालं. नवा ऑडिटर, पण मागच्या वर्षीचे कागद वाचून आलेला. बेअरिंग मोजली, नट मोजले. म्हैस आल्यापासून पहिल्यांदा यादी आणि रॅक बरोबर जुळले. त्यानं कागद मिटले आणि जाता जाता, जरा हिरमुसून, मला विचारलं, "आणि मॅडम, ती म्हैस?"

मी म्हटलं, "घरी गेली, साहेब."